पौषातली घरची कामं

दिवाळीचा फराळ संपून बरेच दिवस झालेले असतात. मार्गशीर्षातले गुरुवार होतात, लग्नांची धामधूम होते, नाताळच्या सुट्टीत आलेले पाहुणे परत जातात, शाळांची स्नेहसंमेलनं आटोपतात आणि पंचांगात पौष लागतो. पौषात लग्नं-मुंजी करत नाहीत. पुण्यातली मंगल कार्यालयं शांत होतात, लक्ष्मी रस्त्यावरच्या शालूंच्या दुकानांत जरा उसंत दिसते आणि रविवार मोकळे मिळू लागतात. संक्रांत सोडली तर घराघरांत साजरा होणारा मोठा सण नाही. जुनी माणसं या महिन्याला सरळ भाकड म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. कार्यांच्या दृष्टीने असेल भाकड. पण घराच्या, त्यातही स्वयंपाकघराच्या दृष्टीने वर्षातला इतका भरलेला काळ दुसरा नाही. आणि याचं श्रेय पंचांगापेक्षा पुण्याच्या हवेला जास्त आहे.

ती हवा आधी समजून घेऊ. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या आडोशाला आहे. जानेवारीत आकाश निरभ्र असतं, हवेत बाष्प कमी असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि तिला अडवून परत खाली पाठवायला ढग नसतात. म्हणून पहाटे पारा अकरा-बारावर, कधी त्याच्याही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी तिशीच्या जवळ येतो. जड थंड हवा उताराने सखल भागात साचते, त्यामुळे पाषाणला शिवाजीनगरपेक्षा जास्त कुडकुडायला होतं. या नोंदी ठेवण्यात पुण्याचा हात धरणारं शहर देशात क्वचितच असेल, कारण भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. पुण्यातल्या थंडीचा नीचांक आहे १.७ अंश सेल्सियस. तारीख १७ जानेवारी १९३५. संक्रांतीच्या तीनच दिवसांनंतरची.

या दिवसांत सकाळी उठवत नाही, त्यालाही सबळ कारण आहे. सगळ्यात छोटा दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सगळ्यात उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे सौर दिवस घड्याळाच्या चोवीस तासांशी तंतोतंत जुळत नाही. डिसेंबरअखेर मध्यान्ह रोज थोडी पुढे सरकत असते. परिणाम असा, की दिवस मोठा होऊ लागला तरी पुण्यात सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिरा उगवत जातो. तेव्हा सात वाजून आठ-नऊ मिनिटं झालेली असतात. वाढलेला दिवस सगळा संध्याकाळच्या बाजूला जमा होतो. सकाळी सातच्या शाळेला जाणाऱ्या मुलांनी अंधाराची तक्रार केली तर ती खगोलशास्त्राच्या आधारावर उभी आहे, एवढं आईवडिलांनी लक्षात ठेवावं.

ऊनही या महिन्यात वेगळ्या वाटेने घरात येतं. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीत ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरअखेर मात्र दुपारी बारालाही तो दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीच्या आतपर्यंत पोचतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी घरातली ही जागा शोधून ठेवावी. दुपारी हवेतली आर्द्रता तिसाच्या घरात उतरते. उन्हाळ्यासारखा कडाका नसूनही वस्तू भराभर वाळतात त्या या कोरडेपणामुळे. किसलेला आवळा मीठ आणि आल्याचा रस लावून ताटात पसरला, की तीन-चार दिवसांत आवळासुपारी तयार होते आणि उन्हाचा भडिमार नसल्याने रंगही फार काळवंडत नाही. मेथीची पानं तर गॅलरीच्या सावलीत फडक्यावर टाकली तरी कुरकुरीत होतात.

गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायचेही हेच दिवस. गोधडी ऊब निर्माण करत नाही, ती अंगाची ऊब राखते. आणि राखते ती कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. जुन्या सुती साड्या आणि धोतरं एकावर एक अंथरून कडेपासून आत धावदोरा घालत जाण्याची जी पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक दोन टाक्यांमध्ये एक छोटासा फुगा राहतो. त्या फुग्यांतली हवाच आपल्याला पांघरूण घालते. कापूस घामाचा आणि हवेचा ओलावा शोषतो, दबतो, फुगे बसतात आणि गोधडी गार लागू लागते. दुपारचं दोन-तीन तासांचं कोरडं ऊन मिळालं, मधून एकदा उलटली, चांगली झटकली, की ती पुन्हा फुगते. रात्री अंगावर घेतल्यावर हा फरक लगेच कळतो.

आता मंडईत जाऊ. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी दगडी इमारत १८८६ मध्ये उभी राहिली. तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणत. पौषात सकाळी तिथे गेलं तर काय घेऊ आणि काय नको असं होतं. पावटे, वालपापडी, घेवडा, कोवळी वांगी, लाल गाजरं, ओली हळद आणि आंबेहळद, आवळे, बोरं, उसाची कांडी, मुळासकट उपटून आणलेल्या हरभऱ्याच्या जुड्या. याच महिन्यात शाकंभरीचं नवरात्र येतं, पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत. भाज्यांनी जग पोसणारी ही देवी. ज्यांच्या घरी तिचं कुळाचाराचं नवरात्र असतं तिथे नैवेद्याला जितक्या मिळतील तितक्या भाज्या करतात. वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही महिन्यात हा नैवेद्य इतक्या सहज जमला नसता. लाल गाजरं याच दिवसांत गोड असतात. थंडी पडली की गाजर साठवलेल्या पिष्टाची साखर करून ठेवतं, कारण साखर विरघळलेलं पाणी सहजासहजी गोठत नाही. गाजराचा तो बचाव असतो, आणि आपला हलवा त्यावर गोड होतो.

हरभऱ्याची जुडी मात्र एकदा जवळून बघायला हवी. मांडीवर वर्तमानपत्र, शेजारी वाडगं आणि हातात जुडी. घाटा दोन बोटांत दाबला की फट् आवाज करून फुटतो आणि आत एक, फार तर दोन हिरवेगार सोलाणे निघतात. थोड्या वेळात बोटं चिकट होतात, किंचित चुरचुरतात, आणि चाटली तर आंबट लागतात. हा आंबटपणा दाण्यांचा नाही. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते आणि तिच्या टोकांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरत असतं. पूर्वी शेतकरी रात्री पिकावर पातळ फडकं पसरून ठेवत आणि पहाटे दवाने भिजलेलं फडकं पिळून ते पाणी बाटलीत भरत. ही हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर घरगुती औषध म्हणून ती जपून ठेवलेली असे. जुडी सोलायला वेळ फार लागतो आणि हाती वाटीभर ऐवज येतो, म्हणून अनेक जण सोललेले दाणे विकत घेतात. त्यांनी घ्यावेत. पण घरातली चार माणसं एका जुडीभोवती बसली की जे बोलणं निघतं ते जेवणाच्या टेबलावर निघत नाही, हा माझा अनुभव आहे. हात गुंतलेले असतात, नजर घाट्यांवर असते, आणि एरवी न बोलणारा मुलगाही शाळेतली एखादी गोष्ट सांगून टाकतो. सोलाण्यांची आमटी करायची तर निम्मे दाणे तेलावर परतून, लसूण-मिरचीबरोबर जाडसर वाटून घ्यावेत, निम्मे अख्खे ठेवावेत.

मटारचं शास्त्र वेगळं, आणि ते माहीत असलं तर पैसे आणि चव दोन्ही वाचतात. शेंग वेलावरून तुटली तरी दाणा जिवंत असतो. तो श्वसन करत राहतो आणि त्यातल्या साखरेचं पिष्ट होत जातं. म्हणून सकाळी गोड असलेला मटार दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो. गारव्यात ही क्रिया मंदावते, आणि थंडीतला मटार गोड राहण्याचं हे एक मोठं कारण आहे. स्वस्त झाला की पाच-सहा किलो घ्यावा, पण त्याच संध्याकाळी सोलून टाकावा. साठवायचा असेल तर खळखळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकावा, लगेच गार पाण्यात काढावा, फडक्यावर पूर्ण कोरडा करावा आणि मग फ्रीझरमध्ये ठेवावा. उकळत्या पाण्याने दाणा शिजवायचा नसतो. रंग, चव आणि साखर बिघडवणारी त्यातली विकरं तेवढी बंद पाडायची असतात. ही पायरी टाळली तर फ्रीझरमध्येसुद्धा ती हळूहळू आपलं काम करतच राहतात. टरफलं फेकू नयेत. आतला पापुद्रा सोलून काढला तर सालींची भाजी होते, आणि ती काढण्याचं काम लहान मुलं फार मन लावून करतात.

सूर्य धनू राशीत असतो तो डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ म्हणजे धुंधुरमास. या काळात निदान एक दिवस तरी पहाटे उठून, सूर्योदयाच्या सुमाराला देवाला नैवेद्य दाखवून जेवायची पद्धत आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत, लेकुरवाळी भाजी. सकाळी सातला एवढं जेवण ऐकायला जड वाटतं. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगताना म्हटलं आहे, की बाहेरच्या थंडीने कोंडलेला जठराग्नी हिवाळ्यात बलवान होतो आणि त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातला रस खातो. मोठी रात्र, रिकामं पोट आणि थंडीत अंग तापतं ठेवायला जास्त लागणारी ऊर्जा, हे सगळं लक्षात घेता पहाटेचं हे जेवण मला अगदी शहाणपणाचं वाटतं.

बाजरीबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश बराच असतो, आणि दळल्यावर तो हवा आणि विकरांच्या तावडीत सापडून आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागतो. महिन्याचं पीठ एकदम दळून आणलं आणि भाकरी कडू लागली तर दोष बाजरीचा नसतो. थोडं थोडं दळून आणावं. दुसरं म्हणजे बाजरीत गव्हासारखा चिवट ग्लुटेन नसतो. उकळतं पाणी घालून उकड काढली की पिठातलं पिष्ट थोडं शिजतं आणि गोळ्याला चिकटपणा येतो, म्हणून भाकरी थापताना फाटत नाही. एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायचं, तळव्याच्या मुळाने चांगलं मळायचं, लगेच थापायचं.

थंडी काही कामांत खोडाही घालते. दह्याचे जिवाणू चाळिशीच्या आसपासच्या तापमानात खुश असतात. पुण्यातल्या जानेवारीच्या रात्री ओट्यावर ठेवलेलं दूध सकाळी दूधच असतं. विरजण जरा जास्त घालावं, दूध नेहमीपेक्षा किंचित गरम असताना लावावं आणि भांडं पिठाच्या किंवा तांदळाच्या डब्यात खोल रुतवून ठेवावं. धान्याच्या कणांमधली हवा इथे गोधडीचं काम करते. सायीचं लोणी निघेना झालं तर घुसळताना कोमट पाणी घालावं, कारण चरबी फार कडक झाली की तिचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. खोबरेल तेल चोविसाच्या आसपास गोठतं, त्यामुळे मुंबईकर बहिणीच्या घरी पातळ असलेली बाटली आपल्याकडे सकाळी दगड होते. आणि तूप रवाळ हवं असेल तर ते कढवून लगेच गार जागी ठेवू नये. गरम ओट्याच्या कोपऱ्यात झाकून हळूहळू निवू द्यावं. सावकाश निवणाऱ्या तुपात स्निग्धाचे स्फटिक मोठे होतात. डिंकाच्या लाडवांसाठी असं तूप काढून ठेवलेलं असावं. डिंक या तुपात थोडा थोडा टाकून तळायचा; त्याच्या खड्यात अडकलेला ओलावा वाफ होऊन आतून रेटा देतो आणि खडा फुलतो. खडा मोठा असेल आणि आच मोठी असेल तर बाहेरून फुललेला डिंक आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.

पण या महिन्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे काट्याचा हलवा. तो बाजारात सहज मिळतो, लहान मुलांच्या बोरनहाणाचे आणि नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने तुळशीबागेत तयार मिळतात, त्यामुळे घरी करणारे कमी झाले आहेत. तरी घरातल्या एकाने तो एकदा करून बघावाच, कारण साखर कशी वागते हे इतकं डोळ्यांसमोर दुसरं काहीच दाखवत नाही.

खसखस, तीळ, साबुदाणा, चारोळी, लवंग, यांपैकी जे हवं ते कोरडं भाजून घ्यायचं. साखरेच्या निम्मं पाणी घालून पाक उकळायचा, चमचाभर दूध टाकून वर आलेली मळी काढायची, एकतारीच्या थोडा अलीकडे थांबायचं. पूर्वी शेगडीत निखारे राखेने झाकून वर परात ठेवत; आता गॅसची अगदी मंद आच, मध्ये तवा आणि वर परात. परातीत चिमूटभर खसखस, तिच्यावर पाकाचे काही थेंब आणि मग बोटांच्या टोकांनी सतत, हलक्या हाताने फिरवणं. थेंब दाण्यांवर पसरतात, पाणी उडून जातं, करडे दाणे पांढुरके होतात. वाळले की पुढचे थेंब. तासाभरात एवढंच दिसतं की खसखस जरा मोठी झाली आहे. थकवा आला तर झाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. आणि मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बोटांना काहीतरी टोचू लागतं.

काटा येतो कसा? दाण्याच्या पृष्ठभागावर कुठेतरी बारीकसा उंचवटा असतो. दाणा परातीवर लोळतो तेव्हा तो उंचवटा गरम परातीला आणि पातळ पसरलेल्या पाकाला सगळ्यात आधी टेकतो. तिथला पाक आधी वाळतो, साखर आधीच्या स्फटिकावरच बसते, उंचवटा आणखी उंच होतो आणि पुढच्या वेळी आणखी आधी टेकतो. खळग्यांच्या वाट्याला कमी येतं. पाक एकदम जास्त ओतला तर खळगेही भरतात आणि काटे बुजतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. म्हणून थेंब, म्हणून मंद आच. आणि म्हणूनच थंडी: कोरड्या हवेत पाकातलं पाणी पटकन उडतं. आषाढात हेच करायला बसलं तर ओलसर हवेत साखर वाळायलाच तयार होत नाही. थंडी चांगली पडली की काटा चांगला येतो, हे जुन्या बायकांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

असाच काटेरी साखरदाणा जपानमध्ये कोंपेइतो या नावाने आहे. तिथे तो पोर्तुगीजांनी नेला. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या धर्मप्रसारकाने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून तो भेट दिला होता. गाभ्याला तिथेही पूर्वी खसखस नाहीतर तीळच घालत, आणि तिरक्या फिरत्या कढईत पाक घालत घालत एक घाणा व्हायला दोन आठवडे लागतात. तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञाला या दाण्याने असं पछाडलं, की गोळा सगळीकडून सारखा न वाढता त्याला शिंगं का फुटतात, यावर त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गंभीरपणे विचार केला आणि लिहिलं. आपल्याकडे शतकानुशतकं परातीपुढे बसलेल्या बायकांना हा प्रश्न पडला नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या बोटांना त्याचं उत्तर माहीत होतं, लिहायची सवड तेवढी कुणी दिली नाही.

हे सगळं सुख आहे, पण एका अटीवर: ते एकाच माणसाच्या गळ्यात पडता कामा नये. पाच किलो मटार एकटीने सोलणं, वर पहाटेचा धुंधुरमास एकटीने उठून रांधणं याला कष्ट म्हणतात. गोधड्या गच्चीवर नेणं, दळण आणणं, जुडी सोलणं, परातीपुढे अर्धा-अर्धा तास पाळीने बसणं, यांतलं एकही काम असं नाही की जे घरातल्या पुरुषाला किंवा दहा वर्षांच्या मुलाला जमणार नाही.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. त्यानंतर ऊन झपाट्याने चढतं, हरभरा घाट्यात वाळू लागतो, मटार जून होतो, आणि लग्नांचे मुहूर्त पुन्हा सुरू होतात. तेव्हा हलव्याचं मनात असेल तर याच आठवड्यात घ्या. दोन चमचे खसखस, एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी आणि एक पातळ बुडाची परात एवढं पुरे. पहिल्या दिवशी काटा दिसणार नाही. पाक वाढवू नका, आच वाढवू नका, तिसऱ्या दिवसापर्यंत थांबा.